मूल भराभर उंच होऊ लागले म्हणजे

गतवर्षी सणासाठी शिवलेली विजार यंदाच्या सणाला घोट्याच्या वर चढावी, जूनमध्ये घेतलेल्या चपला नाताळापूर्वीच अपुऱ्या पडाव्यात, आणि कालपरवापर्यंत आईच्या खांद्याला लागणारी मुलगी आज तिच्या बरोबरीने उभी राहावी, हा अनुभव दहा ते सोळा वर्षांची मुले असलेल्या घराला नवा नाही. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चार कुटुंबे भेटली म्हणजे हा विषय हटकून निघतो. कोणी कौतुकाने म्हणतो, 'पोरगा बापाला मागे टाकणार!' कोणी काळजीच्या सुरात विचारते, 'एवढ्या लवकर एवढी उंची. हिला काही विकार तर नाही ना?' मुलीची आई आणखी पुढचा विचार करते: हिच्या जोडीला शोभेल असे स्थळ आणावे तरी कोठून? मुलाच्या बापाची तक्रार निराळीच असते. मुलगा अंगाने वाढला, पण त्याच्यात बळ नाही. शेतात उभा केला तर तासाभरात थकतो.

ही काळजी खोटी नाही. परंतु पुष्कळदा ती चुकीच्या जागी खर्च होते. ज्याची चिंता करावयाची नाही त्याची आपण चिंता करतो, आणि ज्याकडे लक्ष पुरवावयास हवे ते आनंदाच्या भरात नजरेतून सुटते. मूल किती उंच आहे, एवढ्यावरून फारसे काही कळत नाही. ते किती वेगाने उंच होत आहे, तो वेग कोणत्या वयात आला, आणि त्याबरोबर शरीरात दुसरे कोणते बदल दिसतात, या तीन गोष्टींवरून मात्र बरेच कळते. म्हणून या तीन गोष्टी घरच्या घरी कशा ओळखाव्यात हे आईबापांस सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

वाढीचा क्रम

मुलाची उंची ठरावीक अंतराने मोजून टिपून ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. फ्रान्समधील मोंबेयार नावाच्या उमरावास १७५९ साली मुलगा झाला. बापाने त्याची उंची सुमारे दर सहा महिन्यांनी मोजण्यास आरंभ केला आणि १७७७ पर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, तो क्रम सोडला नाही. मोंबेयारचा मित्र, प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफॉं, याने ती टिपणे आपल्या ग्रंथात छापली. त्या आकड्यांचा आलेख काढून पाहिला तर मनुष्याची वाढ एकसारख्या चालीने होत नाही हे स्पष्ट दिसते. जन्मानंतर वेग अतिशय मोठा असतो. पुढे तो मंदावत जातो. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो एकाएकी उसळी घेतो. आणि दोन-चार वर्षांत ओसरून थांबतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाचे जे झाले तेच आज आपल्या मुलांचे होत असते.

हाच क्रम आजच्या मापांत सांगावयाचा तर तो असा. जन्मल्यावर पहिल्या वर्षात मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढते. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत ते दर वर्षी सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. मग उसळीचा काळ येतो. मुलींची उसळी साधारणपणे दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि बाराव्या वर्षाच्या आसपास तिचा कळस होतो. त्या वर्षात मुलगी ८ ते ९ सेंटिमीटर वाढते. मुलांची उसळी सुमारे दोन वर्षे उशिरा येते. तिचा कळस चौदाव्या वर्षाच्या आसपास असून त्या वर्षात मुलगा ९ ते १० सेंटिमीटर वाढतो. हे सरासरीचे आकडे झाले. अगदी निरोगी मुलामुलींत ही वेळ वर्ष-दोन वर्षे मागेपुढे होते.

एवढे समजले तरी कित्येक शंका आपोआप मिटतात. सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात, त्याचे कारण हेच. आपली मुलगी वर्गातल्या सर्व मुलांच्या डोक्यावरून पाहते म्हणून आई घाबरते. वस्तुतः मुलीची उसळी आली आहे आणि मुलांची अजून यावयाची आहे, इतकाच याचा अर्थ. दोन-तीन वर्षांनी तीच मुले पुढे निघून जातात. मुलींस पहिली ऋतुप्राप्ती होते ती वाढीचा कळस होऊन गेल्यावर. त्यानंतर बहुतेक मुली आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढून थांबतात. 'ऋतू आला की वाढ खुंटली' हा समज पूर्ण खरा नाही आणि पूर्ण खोटाही नाही.

वाढीत अवयवांचाही एक क्रम असतो. आधी पावले आणि हात वाढतात, मग पाय लांब होतात आणि धड शेवटी वाढते. म्हणून चपला भराभर अपुऱ्या पडू लागल्या म्हणजे उसळी दाराशी आली असे समजावे. मधल्या काळात मूल नुसते हातापायांचे दिसते, चालताना उंबऱ्याला ठेचकाळते, हातातून पेला निसटतो. यास धांदरटपणा म्हणून रागे भरू नये. हातपाय एकाएकी लांब झाले आहेत. त्यांचा अंदाज येण्यास काही महिने लागतात.

वाढ थांबते ती का?

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे कुरकुरीत मऊ हाडाची, एक पातळ पट्टी असते. तीत नव्या पेशी तयार होत राहतात, त्यांचे पुढे हाड बनते आणि हाड लांब होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिच्यातून वाढीचा स्राव निघतो. वयात येण्याच्या सुमारास त्यास स्त्रीत्वाच्या व पुरुषत्वाच्या स्रावांची जोड मिळते आणि वेग वाढतो. परंतु जे स्राव वाढीस वेग देतात तेच शेवटी कूर्चेची ती पट्टी हाडात बदलून बंद करतात. पट्टी बंद झाली की उंचीचे दार कायमचे मिटले. मग कोणतेही चूर्ण, कोणताही व्यायाम, दांडीला लोंबकळणे, काहीही हाड लांब करू शकत नाही.

दार मिटविण्याचे काम मुलींतच नव्हे तर मुलांतही स्त्रीत्वाचाच स्राव, म्हणजे इस्ट्रोजेन, करतो. याचा उलगडा १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विलक्षण उदाहरणावरून झाला. अमेरिकेतील एक पुरुष अठ्ठावीस वर्षांचा आणि २०४ सेंटिमीटर उंच असूनही वाढतच होता. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. म्हणून त्याच्या हाडांच्या पट्ट्या उघड्याच राहिल्या होत्या.

उंच मुलींची एक हकीगत

आईबापांच्या काळजीपोटी मुलींवर काय प्रसंग ओढवू शकतो, याची एक खरी हकीगत येथे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. इस्ट्रोजेन हाडांच्या पट्ट्या बंद करते हे कळल्यावर, १९५० च्या दशकात काही पाश्चात्त्य डॉक्टरांनी निरोगी पण उंच मुलींस त्या औषधाची मोठी मात्रा देऊन त्यांची वाढ आवरण्यास सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात १९५९ पासून १९९३ पर्यंत अशा मुलींवर उपचार झाल्याची नोंद आहे. मुलींस रोग कोणताच नव्हता. फार उंच मुलीस वर मिळणार नाही, कपडे मिळणार नाहीत, ती एकटी पडेल, ही मातांची भीती होती. आणि त्या भीतीला औषध मिळाले. त्याने अंतिम उंची थोड्या सेंटिमीटरांनी कमी होत असे.

त्या मुली पुढे स्त्रिया झाल्या. उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा उंच स्त्रियांची तुलना करून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी लहानपणी ते औषध घेतले होते त्यांस गर्भधारणेस अडचण येण्याचे प्रमाण अधिक आढळले. वर्षभर वा त्याहून अधिक काळ वाट पाहूनही ज्यांना दिवस गेले नाहीत आणि ज्यांस वंध्यत्वासाठी डॉक्टरांकडे जावे लागले, अशा त्यांच्यांत जास्त होत्या. या स्त्रियांना त्यांचे मनोगतही विचारण्यात आले. ज्यांनी उपचार घेतला नव्हता त्यांपैकी जवळजवळ सर्वजणींनी, आपण तो घेतला नाही याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्यांनी घेतला होता त्यांपैकी शेकडा सुमारे ४२ जणींनी त्या निर्णयाबद्दल असमाधान सांगितले. मुलीला चांगले घर मिळावे म्हणून जे केले, त्यानेच कित्येकींच्या घरात पाळणा हलण्यास विघ्न आले.

आपल्या खेड्यांत असे औषध कोणी देत नाही हे खरे. पण ज्या भीतीने ते दिले गेले ती भीती आपल्याकडेही आहे आणि ती निराळ्या रूपांनी प्रकट होते. मुलगी फार वाढू लागली म्हणून तिच्या दुधावर आणि अंड्यावर नजर ठेवली जाते. मैदानावर जाणे बंद होते. 'अंगाने मोठी दिसते' एवढ्याच कारणाने तेरा वर्षांच्या पोरीचे शाळेत जाणे लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागते आणि घरात लग्नाची भाषा सुरू होते. खाणे तोडल्याने उंची हवी तेथे थांबत नाही. रक्त मात्र कमी होते आणि हाडे कच्ची राहतात. शाळा बंद केल्याचे नुकसान तर जन्मभर पुरते. आईबापांस आमची विनंती एवढीच की, मुलीची उंची हा दोष मानू नये. ती पाठ वाकवून, मान खाली घालून चालू लागली असेल तर तिला ताठ उभी राहण्यास सांगावे, आणि चारचौघांत तिच्या उंचीचा विषय काढू नये.

वेळेआधी आलेली वाढ

आता ज्या गोष्टीचे आपण कौतुक करतो परंतु जी वेळीच तपासावयास हवी, तिच्याकडे वळू. सहा-सात वर्षांची मुलगी वर्षात ८-९ सेंटिमीटर वाढली, वर्गात सर्वांत उंच झाली, की घरात आनंद होतो. परंतु त्याच सुमारास, म्हणजे आठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तिची छाती भरू लागली असेल, तर ती वयात लवकर येत आहे असे समजावे. मुलाच्या बाबतीत ही मर्यादा नऊ वर्षांची आहे. वेळेआधी सुटलेले हे स्राव आज उंची भराभर वाढवितात, पण हाडांच्या पट्ट्याही वेळेआधी बंद करतात. परिणामी आज वर्गात सर्वांत उंच असलेले मूल पुढे मोठेपणी ठेंगणे राहते. शिवाय आठ-नऊ वर्षांच्या कोवळ्या मुलीवर ऋतूचा भार येतो; त्याची तिच्या मनाची तयारी झालेली नसते.

मुलींत असे होण्यामागे पुष्कळदा कोणताही रोग सापडत नाही. मुलांत मात्र मेंदूतील किंवा ग्रंथींतील विकार सापडण्याचा संभव अधिक असतो. म्हणून दोघांनाही बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. ते डाव्या हाताचा क्ष-किरण फोटो काढून हाडांचे वय पाहतात. मूल सात वर्षांचे आणि हाडे दहा वर्षांची, असा फरक दिसला तर वाढ वेळेआधी संपण्याचा धोका कळतो. गरज असेल तेथे इंजेक्शने देऊन वयात येणे काही वर्षे पुढे ढकलता येते. परंतु हा उपचार वेळीच सुरू व्हावा लागतो. पट्ट्या मिटल्यावर गेलेल्या डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही.

आणखी कोणत्या खुणांकडे पाहावे?

पहिली खूण पाठीच्या कण्याची. उसळीच्या काळात काही मुलांचा, आणि विशेषतः मुलींचा, कणा एका बाजूस वळू लागतो. ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. याची घरगुती परीक्षा सोपी आहे. मुलीला दोन्ही पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकण्यास सांगावे आणि आईने मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, किंवा उभी असता एक खांदा वर व एक खाली वाटला, तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे. वाढ चालू असतानाच हे वळण झपाट्याने वाढते, आणि आवरण्याची वेळही तीच असते.

दुसरी खूण अतिशय लांबसडक हातापायांची. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ते साधारणपणे उंचीइतकेच असते. ते उंचीपेक्षा बरेच अधिक भरले, बोटे कोळ्याच्या पायांसारखी लांब असली, छातीचे हाड आत गेलेले वा पुढे आलेले असले आणि डोळ्यांस जाड चष्मा असला, तर मार्फान नावाच्या जन्मजात विकाराची शंका घ्यावी. फ्रेंच डॉक्टर मार्फान यांनी १८९६ साली याचे पहिले वर्णन केले. यात हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी दुबळी असते आणि ती फुगत जाऊन फुटू शकते. अमेरिकेची नामांकित व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९६ सेंटिमीटर उंच होती. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक मिळविले, आणि जानेवारी १९८६ मध्ये जपानात सामना चालू असता एकतीस वर्षांची ती कोसळली व मरण पावली. तिला मार्फानचा विकार होता हे तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हते. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच विकार निघाला आणि शस्त्रक्रिया होऊन त्याचा जीव वाचला. उंच मुलांत हा विकार क्वचितच असतो. पण वरील खुणा एकत्र दिसल्या तर हृदयाची सोनोग्राफी करून घेण्यात हयगय करू नये.

तिसरी खूण वजनाची, आणि आपल्या घरांच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. 'उंच झाला म्हणून बारीक झाला' असे आपण सहज म्हणून जातो. उंच होणारे मूल सडपातळ दिसेल, पण त्याचे वजन घटणार नाही. थोडेथोडे का होईना, ते वाढतच राहील. वजन खरोखर उतरत असेल तर तो वाढीचा परिणाम नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे ही क्षयाची लक्षणे असू शकतात. खूप तहान, वरचेवर लघवी आणि खाऊनही रोड होणे ही मधुमेहाची लक्षणे आहेत. तो लहान मुलांसही होतो आणि उपचारास उशीर झाल्यास थोड्या दिवसांतच जीवावर बेततो. यांपैकी काहीही दिसले तर 'वाढीचे वय आहे' म्हणून स्वस्थ बसू नये.

याखेरीज सारखी डोकेदुखी व नजर अंधुक होणे, किंवा उंची वाढूनही मुलात चौदाव्या वर्षापर्यंत आणि मुलीत तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याचे एकही चिन्ह न दिसणे, या गोष्टीही डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात.

पाय दुखणे

लहान मुले रात्री पाय दुखतात म्हणून रडतात आणि आपण त्यास वाढीचे दुखणे म्हणतो. हे दुखणे सामान्यतः दोन्ही पायांत, संध्याकाळी वा रात्री होते; चोळल्याने बरे वाटते आणि सकाळी मूल पूर्ववत खेळू लागते. त्यात भिण्याजोगे काही नाही. गंमत अशी की, उंची ज्या काळात सर्वांत वेगाने वाढते त्या काळाशी याचा संबंध दिसत नाही. हे दुखणे बहुधा त्याआधीच्या वयात असते. फुटबॉल खेळणाऱ्या, धावणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांस गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखते. तेही काही काळ खेळ कमी केल्याने बरे होते. मात्र एकाच जागी, एकाच हाडात सतत दुखत असेल, तेथे सूज असेल, मूल लंगडत असेल वा ताप असेल, तर मालीश करू नये आणि हाड बसविणाऱ्याकडेही नेऊ नये. अशा दुखण्याचा क्ष-किरण फोटो आधी काढला पाहिजे.

ताटात काय असावे?

उंचीचा मोठा वाटा आईबापांकडून येतो. पण तो वाटा पुरता पदरात पडण्यास अन्न आणि आरोग्य लागते. विसाव्या शतकाच्या शंभर वर्षांत दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली. लोक तेच, रक्त तेच. अन्न सुधारले आणि लहानपणचे आजार कमी झाले. तेव्हा आपला मुलगा घरातल्या सर्वांपेक्षा उंच निघाला तर 'हा कोणावर गेला?' असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. आजोबांच्या लहानपणी जे ताटात नव्हते ते नातवाच्या ताटात आहे.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे कोष्टक सांगते. त्यासाठी महाग डबे विकत आणावयास नकोत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी वा आंबील, दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी किंवा सुकट, हे सारे हाडांचे अन्न होय. मांसवृद्धीसाठी अंडे, मासळी, कुळीथ, चवळी, मसूर रोजच्या जेवणात असावे. या वयात भूक अफाट लागते. दोन जेवणांच्या मध्ये भाकरी मागणाऱ्या मुलास खादाड म्हणू नये. दुधात मिसळून उंची वाढविणारी म्हणून ज्या पुडी-डब्यांची जाहिरात होते त्यांत साखरेचा भाग मोठा असतो. तेवढ्या पैशांत महिनाभराची अंडी येतात.

बापाची जी तक्रार आम्ही आरंभी सांगितली, की मुलगा वाढला पण त्याच्यात दम नाही, तिचे एक कारण रक्तक्षय हे असते. वाढत्या अंगाला रक्त अधिक लागते, आणि मुलींचे तर दरमहा जातेही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींत शेकडा ५९ जणींस आणि त्याच वयाच्या मुलांत शेकडा ३१ जणांस रक्तक्षय आढळला. सरकारी शाळांतून आणि अंगणवाड्यांतून आठवड्याला एकदा दिली जाणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच आहे. तिने पोटात मळमळते म्हणून पुष्कळ मुली ती टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. जंतांची गोळीही सहा महिन्यांनी घ्यावी.

झोपेबद्दल एक शब्द. वाढीचा स्राव मुख्यतः गाढ झोपेत सुटतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल हाती घेऊन जागणाऱ्या मुलास सकाळी आळशी म्हणण्यापेक्षा रात्री तो काढून ठेवणे बरे.

घरी उंची कशी मोजावी?

पोरे भिंतीवर पेन्सिलीने खुणा करतात त्या आपण चुन्याखाली बुजवतो. तसे न करता दाराआडचा एक कोपरा त्यासाठी राखून ठेवावा. मूल अनवाणी उभे करावे. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीस टेकलेली असावी. मुलीने अंबाडा सोडावा. नजर समोर असावी. डोक्यावर जाड पुस्तक आडवे, भिंतीशी काटकोनात ठेवून खूण करावी आणि जमिनीपासून टेपाने मोजावे. सकाळी मनुष्य रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो. म्हणून दर वेळी एकाच प्रहरी मोजावे. दर सहा महिन्यांनी, एखाद्या ठरलेल्या सणास, मोजणे पुरे. दर आठवड्यास मोजले तर केवळ चुका मोजल्या जातात. उंची, वजन आणि तारीख वहीत लिहावी. ही वही डॉक्टरांस दाखविली म्हणजे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या देशातील मुलांसाठी तयार केलेल्या आलेखावर ते ती पडताळून पाहू शकतात.

मूल शेवटी साधारण किती उंच होईल याचा अंदाजही करता येतो. आईबापांच्या उंचीची सरासरी काढावी. मुलगा असेल तर तीत साडेसहा सेंटिमीटर मिळवावे, मुलगी असेल तर तितकेच वजा करावे. बाप १६८ आणि आई १५४ असेल तर सरासरी १६१; मुलगा सुमारे १६७.५ व मुलगी सुमारे १५४.५. त्याच्या दोन्ही बाजूंस आठ सेंटिमीटर सोडले तर बहुतेक मुले त्या मर्यादेत बसतात. उंच आईबापांचे मूल उंच असणे हे ठीकच. मूल या मर्यादेच्या फार बाहेर चालले असेल तर विचारणा करावी.

मोठे अंग, कोवळे मन

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. तेरा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांचा दिसू लागला म्हणजे घरचे आणि गावचे सारेच त्याच्याशी सतराच्या मापाने वागू लागतात. पोती उचलण्यास त्यालाच बोलावतात; लहान भावंडांशी भांडला तर 'एवढा घोडा झालास' म्हणून त्यालाच बोल लागतो; त्याने रडावे तर लाज, खेळावे तर लाज. परंतु मन अंगाबरोबर वाढलेले नसते. हाडांच्या पट्ट्याही अजून कोवळ्या असतात आणि अतिरिक्त ओझ्याने त्यांस इजा होऊ शकते. मुलीच्या बाबतीत तर याहून जपले पाहिजे; कारण तिच्या अंगाकडे पाहून परके लोक तिचे वय ठरवितात, आणि ती मात्र अजून बाहुलीशी खेळत असते. तिला आपल्या शरीरात काय होत आहे हे आईने, मावशीने किंवा शाळेतल्या सिस्टरांनी आधीच शांतपणे सांगावे. कोणाचा स्पर्श नको असेल तर तसे स्पष्ट बोलण्याचे आणि घरी येऊन सांगण्याचे बळही तिला द्यावे.

म्हणून आईबापांनी मुलांना वागविताना भिंतीवरची खूण न पाहता बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरची तारीख पाहावी. तेरा वर्षांच्या मुलाकडून तेरा वर्षांच्या मुलाचीच अपेक्षा करावी, मग तो दाराच्या चौकटीला का टेकेना. त्याला पोटभर वाढावे, वेळेवर निजवावे, सहा महिन्यांनी भिंतीपाशी उभे करावे. आणि वर सांगितलेल्या खुणांपैकी एखादी दिसली तर शेजाऱ्यांस विचारीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. बाकीच्या उंचीची काळजी सोडून द्यावी आणि पुढल्या सणाची विजार शिवताना दुमड चार बोटे अधिक ठेवावी.